बाराशे पायऱ्यांची पंगत

हैबतराजांची पन्नाशी नेमकी एकादशीला आली आणि एकादशी नेमकी रमजानात. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

राजांचं म्हणणं साधं होतं. वाढदिवसाला आपल्या तीन जिवलगांनी आपल्या पंगतीला बसावं. पण दिवाण श्रीपादपंतांची एकादशी, म्हणजे धान्याचा कण चालायचा नाही. खजिनदार नेमगोंडा जैन. त्यांना कंदमूळ नको, मध नको आणि सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटही नको. तोफखान्याच्या हसनमियाँचा रोजा, म्हणजे सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा घोट नाही. मेघगडावर नेम नसलेला माणूस एकच, खुद्द राजे. ते दिवसातून पाच वेळा जेवत आणि पाचही वेळा एकटे.

राजे हट्टाला पेटले. त्यांनी आचारी सदूभटाला बोलावून फर्मावलं : पदार्थ एक, पंगत एक, मध्ये कुठे खंड नाही. मी 'घ्या' म्हटलं की सगळ्यांनी एकाच क्षणी घास घ्यायचा, आणि कुणाचा नेम मोडता कामा नये. जमलं नाही तर झारा इथे ठेवायचा आणि गड उतरायचा, कायमचा.

सदूभटाने भीत भीत विचारलं, वेगवेगळ्या तीन वेळा वाढलं तर चालेल का? राजे म्हणाले, ते तर रोजच चालतं.

सव्वीस वर्षं त्या चुलीपुढे काढलेला माणूस. तो कपाळाला हात लावून बसला. एवढ्यात भागी मोळी घेऊन आली. ही गडाखालच्या वाडीतली. रोज बाराशे पायऱ्या चढून मुदपाकखान्याला लाकडं पुरवायची आणि तेवढ्याच पायऱ्या उतरून घरी जायची. जीभ मात्र कधी दमलेली कुणी पाहिली नव्हती.

"काका, चूल विझलीय," ती म्हणाली. "ही मोळी खाली परत न्यायची का? सांगा तसं, न्यायचे पैसे वेगळे पडतील."

सदूभटाने तिला सगळं सांगितलं. पदार्थ त्याला सापडला होता : राजगिऱ्याचा लाडू, त्यात गूळ आणि खजूर. पंतांना चालतो, नेमगोंडांना चालतो, आणि खजुरावर रोजा सोडायला हसनमियाँची ना कशाला असेल?

"पदार्थ अडत नाही गं, सूर्य अडतो. एकाला तो वर हवा, एकाला बुडालेला. सूर्य काय माझ्या कढईतला वडा आहे, झाऱ्याने वरखाली करायला?"

भागी खुदकन हसली. लाडू किती वळणार, तिने विचारलं. चार, म्हणाला तो.

"सहाशे वळा," ती म्हणाली आणि तशीच राजांपुढे जाऊन उभी राहिली.

तिने दोनच गोष्टी मागितल्या. पंगत ती मांडेल तशी मांडू द्यावी, आणि राजांनी पश्चिमेच्या बुरुजावर बसावं. राजांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, नाही जमलं तर?

"तर काकांबरोबर मीही गड उतरेन. मला सवय आहे, रोजच उतरते."

एकादशीच्या संध्याकाळी राजे बुरुजावर आले आणि बघतच राहिले. पहिला पाट त्यांचा, दुसरा नेमगोंडांचा, तिसरा पंतांचा. तिथून पंगत वळली ती थेट पश्चिमेच्या पायऱ्यांवरून खाली. एक पायरी सोडून एक पाट. पाटील, सुतार, न्हावी, तेलीण, मुलाला मांडीवर घेतलेली कोळीण, अख्खी वाडी नि आजूबाजूच्या दोन वाड्या. अगदी तळाशी, मशिदीपुढच्या शेवटच्या पायरीवर, मुंगीएवढे हसनमियाँ.

राजे गरजले, "मी तिघांना बोलावलं होतं. ही सगळी कोण?"

"अट आपलीच, महाराज. खंड पडता कामा नये. मग मधल्या पायऱ्या रिकाम्या कशा ठेवू?"

राजांनी मिशी चावली. सूर्य मावळतीला टेकला. सहाशे हात सहाशे लाडवांवर. तेवढ्यात खालून मशिदीची बांग वर आली, आणि इकडे बुरुजावर राजांच्या डोळ्यांत अजून लालभडक ऊन.

"म्हणा," भागी पुटपुटली. "लवकर म्हणा."

"घ्या!"

शिंग वाजलं. वरपासून खालपर्यंत एकच मचमच झाली. नेमगोंडांनी लाडू संपवला, पाण्याचा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि मग कुठे सूर्य बुडाला.

पण राजे ते राजेच. ते म्हणाले, थांबा, यात लबाडी आहे. घास घेतला तेव्हा सूर्य होता की नव्हता? असेल तर हसनमियाँचा रोजा मोडला. नसेल तर नेमगोंडांचा नेम मोडला.

नेमगोंडांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, सूर्य समोर होता. हसनमियाँचा जबाब पंगतीतून तोंडोतोंडी वर आला : सूर्य बुडालेला डोळ्यांनी पाहिला, मगच खजूर तोंडात. वाटेत कुणीतरी त्याला 'आणि आणखी एकेक लाडू पाठवा' एवढं जोडलं होतं.

"मग खोटं कोण बोलतंय?" राजांनी भागीकडे पाहिलं. सदूभटाने झारा घट्ट धरला.

"कुणीच नाही, महाराज. मोळी टाकून मी रोज या बुरुजावर टेकते. खाली माझ्या सासूने दिवा लावलेला दिसतो, आणि इथे माझ्या डोळ्यांवर ऊन असतं. वर बसलेल्याला उजेड उशिरापर्यंत दिसतो. खाली अंधार कधी पडला, ते खाली बसलेल्यालाच विचारावं लागतं."

राजांनी एकदा मावळतीकडे पाहिलं, एकदा वाडीतल्या मिणमिणत्या दिव्यांकडे. आणि मग ते असे हसले, असे हसले की मिशीतला राजगिरा उडून पंतांच्या उपरण्यावर पडला.

सदूभटाला चांदीचा झारा मिळाला. भागीला मोळ्या वाहायला तगडं खेचर मिळालं. खालच्या निरोपाप्रमाणे आणखी लाडू वळले गेले आणि सगळ्यांनी एकेक खाल्लाही, अर्थात नेमगोंडा सोडून. त्यांनी आपला फडक्यात बांधून उद्यासाठी ठेवला.

"ही पंगत दरसाल बसेल," राजे डोळे पुसत म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी शेवटच्या पायरीवर मी बसणार, हसनमियाँशेजारी."

"या की," भागी खेचराच्या मानेवर हात फिरवत म्हणाली. "पण हे मागू नका हं. चालतच उतरायचं."