माशाला दिसणारा माणूस

"बुवा, पाण्यातून माशाला माणूस दिसतो तरी कसा?"

त्र्यंबकानं हे विचारलं तेव्हा त्याच्या अंगावर रामगीर बुवांची कफनी होती. न विचारता घातलेली.

देवळाखालच्या डोहातले मासे देवाचे. त्यांना कुणी धरत नाही, भात घालतात. ज्या दिवशी मासे तुझ्या हातावरचा भात खातील त्या दिवशी दीक्षा, असं बुवांनी सांगून ठेवलं होतं. त्र्यंबक काशीला शिकून आलेला. त्याला वाटलं, आठ दिवसांचं काम. आता दुसरं वर्ष सरत आलं होतं. बुवांच्या हातावर मासे तुटून पडत, आणि ह्यानं हात घातला की डोह रिकामा.

"कफनी तरी ओळखतील म्हटलं," तो म्हणाला.

"ओळखली?"

"नाही... आज काय ते सांगा. नाहीतर मी माझी वाट धरतो."

"कफनी काढ. बुडी मार. डोळे उघडे ठेव नि वर बघ."

त्यानं बुडी मारली. बुवा खालच्या पायरीवर बसले आणि हात पाण्यात सोडला.

डोकं वर आलं तेव्हा डोळे लालभडक.

"काय दिसलं?"

"सगळं हलतंय. तुमचं तोंड तर तुकडे तुकडे... डोळे नाहीत, दाढी नाही."

"मग दिसलं काय?"

"हात. पाण्यातला तेवढा हात."

"हं."

"हात तर मलाही आहे, बुवा."

"आहे की. पण भात धरलास की तू घाटाकडे बघतोस, कोण बघतंय म्हणून. मान वळली की हात हलतो."

त्र्यंबक पायरीवर आला. अंगावरचं पाणी निथळू दिलं, भात घेतला आणि हात डोहात घातला.

घाटावर धुणं धुणाऱ्या बाया थांबल्या. एक हसलीसुद्धा. त्यानं मान वळवली नाही.

ऊन पाठीवर आलं. हात बधिर झाला...

मग खालून एक काळी सावली वर आली. बोटांना हळूच तोंड लागलं. दुसरा आला. तिसरा आला. भात संपला.

त्र्यंबकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बुवा, ओळखलं मला त्यांनी. आता दीक्षा द्याल ना?"



"मला तर इतक्या वर्षांत एकानंही ओळखलं नाही, त्र्यंबका... म्हणून तर रोज येतो."