गोजरेचा खांब

ओ पाव्हणं, त्या खांबाला टेकू नका. फोटो काढायचाय तर लांबनं काढा. ह्या दगडाला आमच्यात कुणी शेरडूसुद्धा बांधत न्हाई.

पूर्वी म्हणे ह्या खांबापासनं पार पलीकडल्या काठापतूर अंबाडीचा जाड दोर व्हता. पावसाळ्यात नदी भरली की तो धरूनच तराफा न्यायचा. दुसरी वाटच न्हाई. मागं डोंगर, म्होरं पाणी. दोर एकदा सुटला की नदी आटंस्तवर परत बांधता येत नसं.

एका साली भातावर अळी पडली. पान कातरती, त्याची सुरळी करती अन् आत बसून खाती. खाचरं पांढरीफेक. पानच गेलं तर लोंबी भरायची कशानं? इलाज एकच. दोघांनी दोर ताणून भातावरनं ओढायचा, अळ्या पाण्यात पडल्या की बांध फोडून पाणी काढून द्यायचं. गुरांची दावी जोडून बघितली म्हणे, तर गाठी अडकून रोपंच उपटली. बिनगाठीचा लांब दोर गावात तेवढाच.

अन् खांबापाशी गोजरा बसलेली. पलीकडं तिची लेक बाळंतपणात अडलेली. जावई त्या काठावरनं हाका मारत व्हता. पाण्याला वढ अशी, की तराफा घालायची सोय न्हाई. जरा उतरलं की निघायचं, म्हणून बसलेली.

तिथं पाटील सगळं गाव घेऊन आला. मी असतो तर आधी त्यालाच नदीत ढकलला असता.

"गोजरे, दोर पायजे."

"उद्या पाणी उतरंल, पाटील. मी गेले की घ्या."

"उद्यापतूर पान ऱ्हातंय व्हय? तुझी एक लेक. गावात लेकरं किती?"

"मला मोजाया लावू नगा!"

ती उठली अन् वरडली, "जावईबापू, दोर सोडा!"

"अन् तुम्ही?"

"सोडा म्हणते न्हवं!"

भात वाचलं. पाणी उतरलं, पर दोराबिगर तराफा जाईना; तिकडं लेक गेली, पोटातलं पोरबी गेलं. गावानं त्या साली पोटभर भात खाल्ला. गोजरेनंबी खाल्ला, असं सांगत्यात. न खाऊन जाती कुठं?

आजही अळी दिसली की दोराचं टोक आधी गावच्या एका माहेरवाशिणीच्या हातात द्यायचं अन् इचारायचं, "बाई, ओढू का?" ती न्हाई म्हणाली तर दोर गुंडाळायचा, पीक गेलं तर गेलं. तिला कुणी समजवायचं न्हाई. अजून एकीनंबी न्हाई म्हटलेलं न्हाई. पर ती गप उभी ऱ्हाती ना, तवर सगळं गाव गुडघाभर चिखलात उभं असतंय. अन् अळी काय थांबती व्हय? ती खातच असती.