खिडकीखालचा राळा

राजवाड्यातल्या कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं आणि मकरंदराजांचं डोकं फिरलं!

"रोज न्याहारीला अंड्याची पोळी खाणारा राजा मी! आणि आज ताटात काय, तर उपमा?"

कोंबड्या राखणाऱ्या भिवराबाईनं हात जोडले. "महाराज, बाजारच्या दाण्यात वाळू निघाली म्हणून आपण तो बंद केलात. तेव्हापासून बिचाऱ्या मुदपाकखान्यातल्या उरल्यासुरल्या पुऱ्या आणि श्रीखंड खातायत. चार पावलं चालल्या की धापा टाकतात. अंडी कुठून घालणार?"

"मग दाणा घरचाच पिकव! आपल्या परसात!" राजे गरजले. तेवढ्यात त्यांना दुपारची झोप आठवली. "पण खबरदार! परस माझ्या शयनगृहाच्या खिडकीखाली आहे. विळ्याची खसखस ऐकू येता कामा नये. मळणीला बैल फिरता कामा नयेत. आणि उफणणीचा कोंडा उडून राणीसाहेबांना एक जरी शिंक आली, तर सगळ्या कोंबड्या रश्शाच्या पातेल्यात!"

प्रधान खंडेराव गालातल्या गालात हसले. रस्सा त्यांचा फार आवडता!

एकेक पिल्लू भिवराबाईनं पदराखाली ऊब देऊन वाढवलेलं. ती खुराड्यापाशी येऊन मटकन बसली. आत लंगडी काळी कोंबडी फटीतून मान लांब करून बाहेरच्या गवताचा तुरा ओरबाडत होती. भिवराबाई बघत राहिली. बघता बघता तिला हसू फुटलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं परसात राळा पेरला आणि भोवती काट्यांचं कुंपण घातलं.

"ज्वारी सोडून राळा का गं?" खंडेरावांनी विचारलं.

"राळ्याची कणसं खाली वाकतात, सरकार."

"वाकली तर वाकली! त्याचं काय?"

कणसं भरू लागली तशी भिवराबाई राखणीला बसली. चिमण्या हाकलायला आरडाओरडा करावा, तर राजे जागे होणार. म्हणून ती दिवसभर नुसता पदर हलवत उन्हात बसायची. हात भरून यायचे, पण बाई हलली नाही.

राळा पिकला. कणसं पिवळी होऊन जमिनीकडे झुकली. तशी भिवराबाईनं राजांना निरोप धाडला, "आज कापणी आहे. महाराजांनी निवांत झोपावं."

राजे झोपले. उठून खिडकीतून वाकून बघतात तो काय! परसात नुसती धाटं उभी!

"अगं, कापणी केव्हा झाली?"

"आत्ताच, महाराज!"

"विळा?"

"चोच."

"मळणीचे बैल?"

"ह्या कोंबड्यांच्या पायांनी तुडवलं."

"उफणलं कशानं?"

"पंखांनी. तेही हलक्या हातानं! राणीसाहेब शिंकल्या का?"

"नाही बुवा. पण एवढ्या कोंबड्या, आणि कलकलाट कसा नाही?"

"तोंडात घास असल्यावर कोण ओरडेल, महाराज?"

राजांच्या मिशा थरथरल्या. हसू अगदी ओठांवर आलं होतं. तोच खंडेराव पुढे झाले. "थांबावं महाराज! जमीन राजवाड्याची. रिवाजाप्रमाणे अर्धं पीक सरकारी कोठारात यायला हवं. एक दाणा तरी आलाय का? सगळं ह्या कोंबड्यांच्या पोटात! महाराज, पातेलं चढवायला सांगू?"

राजांच्या कपाळाला आठी पडली. "खरंच की! बोल भिवराबाई, माझा वाटा कुठाय?"

लंगडी कोंबडी भिवराबाईच्या पायाशी येऊन उभी राहिली होती. भिवराबाईनं तिला उचलून कडेवर घेतलं.

"वाटा निघालाय, महाराज! पण राजाच्या घरी उघडा माल कसा पाठवायचा? म्हणून ह्या आत बसून पांढऱ्या डबीत भरतायत. चार दिवस दम धरा. कोठारात कशाला, थेट आपल्या ताटात येईल!"

राजे असे खदखदून हसले की पागोटं खिडकीतून खाली पडलं!

"खंडेराव, भिवराबाईला सोन्याचं कडं द्या! आजपासून हे परस कोंबड्यांचं. आणि तुम्हाला वसुलीची एवढी काळजी ना? मग रोज पहाटे खुराड्यात वाकून माझा वाटा तुम्हीच गोळा करायचा. एकही डबी न फोडता!"