त्रिविक्रमचे रिकामे घड्याळ

जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याच्या मनगटावरची घड्याळे जमवण्यात एका वृद्ध गृहस्थांनी आयुष्य वेचले होते. तो माणूस म्हणजे जुन्या चित्रपटमालिकेतला गुप्तहेर, त्रिविक्रम. कोणत्या चित्रपटात त्याच्या हाती कोणते घड्याळ होते, पट्टा चामड्याचा की पोलादी, याबाबत त्या वृद्धांचा शब्द अखेरचा मानला जाई. एक तरुण शिष्या त्यांच्यापाशी ही विद्या शिकत होती. मुलगी हुशार, पण दारावरची घंटा वाजली तरी दचकणारी. त्यातच मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याचे बनावट घड्याळ तिने खरे म्हणून स्वीकारले आणि संग्राहकांच्या बैठकीत तिचे हसे झाले. तेव्हापासून ताकच काय, ती पाणीही फुंकून पीत असे.

एके सकाळी एक मध्यमवयीन माणूस आला. त्याने रुमालाची घडी उलगडून एक घड्याळ तिच्यापुढे ठेवले.

"त्रिविक्रमचं काम करणाऱ्या नटाच्या जागी आमचे वडील उड्या मारायचे, ताई. पुलावरनं नदीत उडी घेतली, तेव्हा हेच हातात होतं. मला विकायचं नाही. तुमच्या काचेच्या कपाटात ठेवा आणि खाली वडलांचं नाव लिहा, एवढंच. पडद्यावर ते कधी आलं नाही. आई अंथरुणाला खिळलीय. तिला एकदा उचलून आणून दाखवीन म्हणतो."

शिष्येच्या मनात पाल चुकचुकली. पैसे न मागणारा माणूस! आधी आपल्याकडून खरेपणाचा निर्वाळा घेणार, मग काहीतरी सबब सांगून घड्याळ परत नेणार आणि भलत्याच्याच गळ्यात मारणार. तो हसला, तर का हसला? चहा नको म्हणाला, तर नको का म्हणाला? तिने त्याला बाहेरच्या बाकावर बसवले आणि दाराला आतून कडी घातली.

घड्याळ कानाशी नेले, तर आवाज नाही. किल्ली फिरवली, तरी पावणेपाचवरचे काटे जागचे हलेनात. मग तिने मागचे झाकण उघडले. आत एक चक्र नव्हते, एक स्प्रिंग नव्हती. नुसता डबा, आणि काटे गोंदाने चिकटवलेले.

ती आतल्या खोलीत धावली. "गुरुजी, चोर आहे तो! म्हणे पुलावरच्या उडीत हे त्याच्या वडिलांच्या हातात होतं, आणि आत बघते तर नुसतं टरफल. मी आत्ताच सगळ्या संग्राहकांना कळवते, म्हणजे पुन्हा कुणी त्याला दारात उभं करणार नाही."

वृद्धांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. घड्याळाकडे पाहिलेसुद्धा नाही. "कळव की. पण आधी मागल्या अंगणात चल."

अंगणात एक दगडी कट्टा होता. "यावर चढ आणि खाली उडी मार. चांगली हात टेकून, धप्पकन पड."

"मी?"

"मग काय मी मारू? माझी हाडं गोळा करायला तुलाच यावं लागेल."

क्षणभर तिला गुरुजींचाही संशय आला. हे त्या माणसाला सामील तर नसतील? पण आज्ञा मोडवेना. ती कट्ट्यावर चढली, खाली पाहिले आणि मनगटावरचे घड्याळ काढून शेजारी ठेवले.

"थांब," वृद्ध म्हणाले. "ते का काढलंस?"

"आपटलं तर फुटेल ना! बाबांनी दिलंय."

"असं होय. एवढ्याशा उडीला तू घड्याळ काढून ठेवलंस. मग पुलावरून उडी मारणाऱ्याच्या हातात त्या चित्रपटवाल्यांनी चालतं, महागाचं घड्याळ बांधलं असेल?"

तो प्रसंग तिला तोंडपाठ होता. उडीच्या आधी पडदाभर त्रिविक्रमचे मनगट दिसते, आणि घड्याळात पावणेपाच वाजलेले असतात. काटे चिकटवले होते ते नटाच्या मनगटाच्या आणि उडीच्या, दोन्ही दृश्यांत वेळ तीच दिसावी म्हणून.

"पोरी," वृद्ध शांतपणे म्हणाले, "संशय घेणं हा आपला धर्म आहे, तो सोडू नकोस. पण फसवायला निघालेला माणूस रिकामं घड्याळ घेऊन कशाला येईल? त्यानं टिकटिकणारंच आणलं असतं. मागच्या वर्षीचं ते टिकटिकतच होतं ना? तू अजून त्या व्यापाऱ्यालाच तपासते आहेस. आज आलेल्या माणसाकडे तू पाहिलंच नाहीस."

"म्हणजे हे खरं आहे?"

"ते मला कुठं ठाऊक? तू त्याला एक तरी प्रश्न विचारलास का?"

ती कट्ट्यावरून उतरली. ते रिकामे घड्याळ घेऊन ती बाहेर गेली. कडी निघाल्याचा आवाज होताच तो माणूस उठून उभा राहिला.

"द्या ते परत, ताई. चोर म्हणालात ते इथवर ऐकू आलं."

"चुकले मी. बसा ना. त्या उडीचं सांगा मला."

"कशाला? पोलिसांत द्यायला?"

"नाही. आधीच विचारायला हवं होतं, म्हणून."

तो तिच्याकडे निरखून पाहत राहिला. आता शंका त्याच्या डोळ्यांत होती, आणि ती तिथे असणे किती योग्य आहे हे शिष्येला कळत होते. अखेर तो बाकाच्या कडेला टेकला.

"पाणी लई गार होतं, म्हणायचे. आणि त्यांचं मनगट बारीक. नटाच्या मापाचा पट्टा हातात ठरेना, म्हणून खिळ्यानं एक भोक जादा पाडलं. मग पट्ट्याचं टोक हे एवढं लांब लोंबायचं. उडी मारताना तेच गालावर बसलं, वळ उठला. आई अजून सांगते हसून."

शिष्येने पट्टा पालथा केला. बाकीच्या ओळीपासून दूर, जरासे वाकडे, एक भोक होते. पुलावरच्या दृश्यात पट्ट्याचे टोक इतके लांब का दिसते, यावर गुरुजींनी आणि तिने किती तर्क लढवले होते! उत्तर आज स्वतःच्या पायांनी दारी आले होते, आणि तिने त्याला कडीबाहेर बसवले होते.

"वडिलांचं नाव काय?" तिने विचारले. "पूर्ण सांगा."

"दौलू येसबा सुतार," तो म्हणाला. तिने कपाटात लावायच्या पाटीवर लिहायला घेतले, तेव्हा तो जवळ सरकून एकेक अक्षर नीट पाहत होता.