खारीचा मरतुकडा गुलाब

एका जंगलाच्या कडेला पूर्वी रोपांची बाग होती. आता तिथे नुसते गवत माजले होते आणि गवताच्या मधोमध उभ्या असलेल्या बोरीवर एक खार राहत असे. माळ्याने बाग मोडली तेव्हा धडधाकट रोपे तो घेऊन गेला. मागे उरला दोन विटांवर ठेवलेल्या कुंडीतला एक गुलाब. पाने पिवळी, त्यांवर काळे ठिपके, फांद्यांची टोके वाळलेली. खारीने त्याच्याकडे पाहिले आणि तिला भयंकर राग आला. गुलाबाचा नव्हे, मुलांनो, त्याला टाकून जाणाऱ्याचा! "हा जगणार," तिने तिथल्या तिथे ठरवून टाकले. बागकामातले तिला ओ की ठो कळत नव्हते, पण ठरवायला काय लागते?

तिथेच एक शेळी चरायला येई. ती म्हणाली, "खारूताई, हा आज ना उद्या मरणारच. पार वाळल्यावर त्याला काय चव राहणार? आत्ताच खाऊ दे मला."

"मेला तर तुझा, शेळीमावशी," खार शेपटी फुलवून म्हणाली. "जिवंत आहे तोवर तोंड लावायचं नाही!"

शेळी खादाड खरी, पण शब्दाची पक्की. "बरं, अमावास्येपर्यंत थांबते. त्या दिवशी जिवंतपणाची खूण दाखव. नाही दाखवलीस, तर बुडख्यापासून खाईन."

अमावास्येला पंधरा दिवस होते. खार कामाला लागली. ओढ्यात शेपटी भिजवायची, धावत यायचे आणि कुंडीत पिळायची. दिवसातून पन्नास खेपा! दुसऱ्याच दिवशी तिला दिसले, की कुंडीच्या बुडाला एक भोक आहे आणि इतक्या कष्टाने आणलेले पाणी त्यातून ठिबकत बाहेर जाते आहे. आता खारीची जात ती! दाणा असो की पाणी, वाया जाणे तिला कसे बघवेल? तिने बोराची एक आठळी आणली, भोकात घट्ट ठोकली आणि वर ओल्या मातीचे लिंपण दिले. मग स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन आणखी दहा खेपा जास्त केल्या.

गुलाब मात्र रोज अधिकच पिवळा पडू लागला. बोरीवर एक कावळा बसत असे. गावभर हिंडून आल्यामुळे आपल्याला सगळे कळते, असे त्याला वाटे. तो म्हणाला, "पान पिवळं पडलं, म्हणजे झाड तहानलेलं. अजून पाणी घाल." खारीने अजून घातले. दहाव्या दिवशी कुंडीतल्या मातीवर पाणी तरंगू लागले आणि त्यातून एक गांडूळ धापा टाकत काठावर चढले.

"कोण पाणी घालतंय?" ते कळवळून म्हणाले.

"मी!" खार ऐटीत म्हणाली.

"मग बाई, पुरे कर! खाली सगळा चिखल झालाय. मुळं कुजायला लागलीत. बुडाचं भोक काय गंमत म्हणून ठेवलेलं असतं? झाड तहानेनं नाही मरत, तू त्याला बुडवते आहेस."

खारीचे तोंड एवढेसे झाले. माळ्याने गुलाबाला नुसते टाकले होते, आपण तर त्याला मारायलाच निघालो होतो! वरून कावळा हसला, "झालं ना? सोड आता नाद."

"चूक माझी आहे, आणि ती मीच निस्तरणार," खार फिस्कारली. "नाद सोडणारी मी नव्हे!"

ती कुंडीखाली शिरली आणि तिने दातांनी ओढून ती आठळी बाहेर काढली. काळे, घाणेरडे पाणी भळाभळा वाहून गेले. मग गांडुळाने सांगितले तसे तिने कुजके, वाळके सगळे कुरतडायला घेतले. ज्या पानांसाठी रोज पन्नास-साठ खेपा घातल्या, ती पानेही आपल्याच दातांनी तोडताना तिला रडू आले, पण ती थांबली नाही. शेवटी मातीत फक्त तीन खुंट उरले.

"झाड वाचवायला निघाली होतीस, की सरपण करायला?" कावळ्याने विचारले. खारीने मात्र बोट घातल्यावर माती कोरडी लागेपर्यंत पाणी दिले नाही.

अमावास्या उजाडली. शेळी सकाळीच आली. तीन खुंट पाहून म्हणाली, "याला जिवंत म्हणतेस? बाजूला हो."

खार कुंडीच्या काठावर उभी राहिली. "खूण बघितल्याशिवाय नाही हलणार."

तिने पहिल्या खुंटाची साल नखाने खरवडली. आत तपकिरी, कोरडे. दुसरा खरवडला. तोही तसाच. शेळीचा श्वास तिच्या पाठीला लागत होता. मग तिसऱ्यावर नख ठेवले. तिने साल सोलली. खाली तांदळाच्या दाण्याएवढी जागा ओली होती, हिरवीगार होती.

"दिसलं?" खार ओरडली. "हिरवं आहे! जिवंत आहे तो!"

शेळीने वाकून पाहिले, पुन्हा पाहिले. "आहे बाई," ती म्हणाली, आणि गवत चरायला निघून गेली.

आठवड्याने त्या खुंटावर लाल ठिपका उगवला. "रोग! रोग!" कावळा ओरडला. तो कोंब होता. गुलाबाची कोवळी पालवी लालच असते, हे गावभर हिंडूनही त्याला माहीत नव्हते. दोन महिन्यांनी त्यावर एक फूल आले. लहानसेच, एक पाकळी किड्याने खाल्लेली. खार त्याच्या शेजारी अशी बसली, जणू जंगलात दुसरे फूलच नव्हते.

शेळी आली. तिने वास घेतला आणि लाजत विचारले, "एक पाकळी मिळेल?"

"गळून पडली की घे, मावशी," खार म्हणाली. "तोडलीस, तर गाठ माझ्याशी आहे."

तात्पर्य : हट्ट धरावा तो जगवण्याचा, आपलेच खरे करण्याचा नव्हे. चूक कळताच जो ती सुधारतो आणि तरीही हात सोडत नाही, त्याच्याच कुंडीत फूल येते.