देवीची शीव

एकदा एक वृद्ध गुरू आपल्या दोन शिष्या आणि पाठशाळेतली मुले बरोबर घेऊन अरण्यातल्या नदीवर गेले. तिथे एक खोल, हिरवा डोह होता. डोहातले मासे देवीचे, म्हणून त्यांना कोणी धरत नसे. काठावर शेंदूर फासलेला एक दगड होता. ती देवीची शीव. शिवेच्या वर माशांना अभय, खाली मात्र भोयांची जाळी लागलेली असत.

थोरली शिष्या मंदाकिनी. मार्गशीर्षातला गुरुवार, तिचा कडक उपवास. माशांसाठी लाह्या तिनेच फोडून आणल्या होत्या. मुलांची नखे कापण्यापासून शुभंकरोती शिकवण्यापर्यंत सगळे तीच करी. पण दिवाळीनंतर धाकटी वैजयंती पाठशाळेत आली आणि मुले तिच्या मागे लागली. मंदाकिनीचा पदर न सोडणारी चिमुकली पमीसुद्धा आज वैजयंतीच्या मांडीवर बसली होती.

"वैजूताई, तो बघ मिशीवाला मासा! अगदी गुरुजींसारखा!"

"हळू गं, ऐकतील ना!"

"ऐकलं," गुरुजी म्हणाले. "पण माझ्या मिशा जास्त पांढऱ्या आहेत."

सगळे हसले. मंदाकिनीला हसू येईना. वैजयंतीच्या ओंजळीशी मासे झुंबड करत होते आणि मंदाकिनी मनात म्हणत होती, 'लाह्या मी फोडल्या, उपवास माझा, आणि कौतुक हिचं!'

तिने लाह्यांची पिशवी उचलली आणि काठाकाठाने खाली जाऊन हाक मारली, "पमे, इकडे ये गं. गूळसुद्धा आणलाय मी!"

"वैजूताईला पण घेऊन येऊ?"

तो प्रश्न तिला काट्यासारखा रुतला. ती मुठीमागून मुठी लाह्या पाण्यात टाकू लागली, टाकत टाकत आणखी खाली गेली. आणि खरेच, मासे वळले! काळीभोर रांग तिच्या दिशेने सरकू लागली. मुलेही ओरडत काठाने धावली. मंदाकिनीचा चेहरा उजळला.

इतक्यात गुरुजी तरातरा आले. वाटेतली मुंगीसुद्धा चुकवून चालणारा हा माणूस. त्यांनी काठी पाण्यावर सपासप आपटली आणि दगड उचलून माशांच्या पुढ्यात भिरकावले. पाणी गढूळ झाले, मासे उधळून वर पळाले. मुले रडू लागली.

मंदाकिनीचे डोळे भरून आले. "तिच्याकडे गेले तेव्हा कौतुक, गुरुजी, आणि माझ्याकडे आले तर दगड?"

"बाळ, शेंदराचा दगड कुठे आहे, बघ."

तिने मान वळवली. दगड केव्हाच मागे, वरच्या अंगाला राहिला होता. आणि खाली, हाकेच्या अंतरावर, जाळ्याला बांधलेले वाळके भोपळे पाण्यावर डुलत होते.

गुरुजी खाली बसले. त्यांना धाप लागली होती. "माशांना शीव दिसत नाही, त्यांना लाही दिसते. देणाऱ्या हातावर विश्वास ठेवून ते येतात. त्यांचं वाईट व्हावं असं तुझ्या मनात नव्हतं, हे मी जाणतो. तुला त्यांना फक्त तिच्यापासून तोडायचं होतं. पण मत्सराने ओढलेला जीव आपला होत नाही गं. तो नुसता आसऱ्याबाहेर पडतो."

मंदाकिनी पिशवीचे तोंड आवळू लागली. मग हळूच म्हणाली, "मुलांचंही असंच असतं का हो?"

गुरुजींनी नुसते बोट दाखवले. काठावर दोघींच्या बरोबर मध्ये पमी उभी होती. एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. पाऊल मात्र कुठेच उचलत नव्हते.

मंदाकिनीने तिला हाक मारली नाही. पिशवी घेऊन ती सरळ वर, वैजयंतीपाशी गेली.

"ताई, रागावलात का माझ्यावर?" वैजयंतीने भीतभीत विचारले.

"रागावले होते खरी. सरक जरा, आणि ओंजळ कर."

दोघी एकाच कातळावर, खांद्याला खांदा लावून बसल्या. पमी धावत आली. कुणाकडे जावे, हे आता तिला ठरवावे लागले नाही.