चोरवाडीचे भूषण

चोरवाडीत कधी कुणाची सुई चोरीला गेली नव्हती, पण नावानं गावाचा पुरता छळ मांडला होता. एस.टी.चा कंडक्टर थांब्यावर खुशाल ओरडायचा, "चला, चोर उतरा!" पोरांची लग्नं पत्रिका छापायच्या आधीच मोडायची.

सरपंच हौसाबाई ढवण गावाचं नाव बदलून मागायला पुन्हा एकदा नामदार जगदेवरावांकडे गेल्या. साहेब झोपाळ्यावरून उठलेसुद्धा नाहीत.

"अहो बाई, गावाच्या नावाची कसली आलीय लाज? अभिमान बाळगा!"

"बरं साहेब," हौसाबाई म्हणाल्या. "मग सत्काराला तरी याल का?"

सत्काराला साहेब कधीच नाही म्हणत नसत.

ठरल्या दिवशी ते आले. फेटा, शाल, श्रीफळ झालं. समोर पत्रकार कॅमेरे रोखून उभे होते. मागच्या फलकावर पडदा होता. हौसाबाई साहेबांच्या कानाशी वाकल्या.

"आता गावातर्फे तुम्हाला पदवी द्यायची. पडदा ओढला की झालं."

"कुठली पदवी?"

"चोरवाडीभूषण."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, उद्या पेपरात छापून येईल हे!"

"येऊ द्या की. अभिमान बाळगा! नाहीतर गावाचं नाव बदला, पदवी आपोआप बदलेल. रंगारी फलकामागंच ब्रश घेऊन बसलाय."

साहेबांनी माईक ओढला आणि तिथल्या तिथं गावाचं नाव सोनवाडी जाहीर केलं. पडदा उघडला तेव्हा अक्षरं ओलीच होती.

आता कंडक्टर नीट बोलतो, लग्नंही जमतात. फक्त नामदारांची पदवी सांगताना म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून गावाचं जुनंच नाव येतं.